प्रस्तावना : माळ, तगाई आणि भरवसा

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे एक स्टेशन आहे. १९१० साली तेथे हे नावही नव्हते आणि वाडीही नव्हती. कुंडल रोड नावाचे एक लहानसे स्टेशन होते आणि त्याच्या आसपास निवडुंगाने माजलेला ओसाड माळ होता. बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करण्यास सांगितल्यामुळे आपला कारखाना आता कोठे न्यावा, या विवंचनेत पडलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हा माळ देऊ केला, आणि त्याबरोबर दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. त्या माळावर पुढे जे उभे राहिले त्याची ओळख महाराष्ट्राला करून देण्याची आवश्यकता नाही. लोखंडी नांगरापासून पाण्याच्या पंपापर्यंतची यंत्रे जेथे घडली, त्या जागेचे नावच रेल्वेच्या वेळापत्रकात बदलून गेले.

ही हकीकत आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते, परंतु ती बहुधा एका उद्योजकाच्या चिकाटीची आणि एका संस्थानिकाच्या दिलदारीची हकीकत म्हणून. मला मात्र ती एका राज्याच्या तंत्रविषयक धोरणाची हकीकत म्हणून अधिक मोलाची वाटते. औंध हे आकाराने लहान संस्थान. त्याच्यापाशी उद्योगखाते नव्हते, सल्लागार नव्हते, गुंतवणूकदारांचे मेळावे भरविण्याची ऐपतही नव्हती. असे असूनही त्या अधिपतींनी जे दिले ते नीट पारखून पाहिले, तर कोणत्याही राज्याने उद्योगाला द्यावयाच्या गोष्टींचे सार त्यात सापडते : रेल्वेच्या कडेची, म्हणजे माल आणता-नेता येईल अशी जमीन, लगेच फेडीचा तगादा न लावणारे, शेतकऱ्याच्या तगाईसारखे भांडवल, आणि या दोहोंच्या मुळाशी असलेला, कागदावर न लिहिता येणारा परंतु कागदापेक्षा टिकाऊ असा भरवसा. माळ, तगाई आणि भरवसा या तीन शब्दांच्या उजेडात प्रस्तुत ग्रंथ वाचला जावा, अशी माझी इच्छा आहे.

ग्रंथाचा विषय महाराष्ट्रातील माहिती तंत्रज्ञानाचा उद्योग आणि त्याच्या वाढीसाठी शासनाने आखलेली धोरणे हा आहे. ग्रंथकर्त्यांनी प्रस्तावनेसाठी मला गळ घातली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. कारण मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही आणि मंत्रालयाच्या दप्तराशीही माझा संबंध आला नाही. मी आयुष्यभर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविले, एवढाच माझा अधिकार. परंतु हस्तलिखित वाचीत गेलो तसतसे ध्यानात आले की, शासननिर्णयांच्या भाषेत ज्याला ‘प्रशिक्षित मनुष्यबळ’ म्हणतात ती मुले माझ्यासमोरच्या बाकांवर बसत होती, आणि म्हणून या विषयावर दोन शब्द लिहिणे हा माझा अधिकार नसला, तरी ते माझे कर्तव्य ठरते.

धोरण म्हटले की आज सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर सवलतींची एक यादी उभी राहते : मुद्रांक शुल्कात माफी, विजेच्या दरात सूट, बांधकामाच्या चटईक्षेत्रात वाढ. या सवलतींना माझा विरोध नाही. प्रसंगी त्या आवश्यकही असतात. परंतु सवलत हे खत आहे आणि खत हे मशागत झालेल्या जमिनीतच लागू पडते, खडकावर टाकले तर पहिल्या पावसात वाहून जाते, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असलेले सत्य आपल्या धोरणविषयक चर्चेतून मात्र वारंवार निसटते. सवलत दिल्याचे श्रेय त्याच वर्षी घेता येते. मशागतीचे पीक वीस-पंचवीस वर्षांनी दिसते आणि तोवर ती करणारा सत्तेवर नसतो, कित्येकदा या जगातही नसतो. महाराष्ट्राच्या वाट्याला या उद्योगात जे यश आले, ते अशा विस्मृत मशागतीचे फळ आहे, हा मला या ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त वाटतो आणि तो मला सर्वथा मान्य आहे.

राज्य स्थापन झाल्यानंतर लगेचच, १९६१ साली, औद्योगिक विकासाचा कायदा झाला आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण सर्व ज्याला नुसते एमआयडीसी म्हणतो ती संस्था, अस्तित्वात आली. १९६४ साली मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून सामूहिक प्रोत्साहन योजना आली आणि १९६६ साली कर्जपुरवठ्यासाठी सिकॉम. हे सर्व करणाऱ्यांच्या मनात संगणक नव्हता. पिंपरी-चिंचवडला आणि भोसरीला त्यांनी रस्ते आखले ते मालमोटारींसाठी, जलवाहिन्या टाकल्या त्या लेथ आणि भट्ट्यांच्या कारखान्यांसाठी. तरीसुद्धा भूसंपादन करून, आखणी करून, वीज-पाणी पोहोचवून मग भूखंड द्यावयाचा, ही जी वहिवाट त्या संस्थेने पाडली, ती पुढच्या पिढीला अनायासे मिळालेली मिळकत ठरली. अंधेरीच्या मरोळ भागात १९७३ साली केंद्र शासनाने सीप्झ हे केवळ इलेक्ट्रॉनिक्ससाठीचे निर्यात क्षेत्र सुरू केले. देशाच्या सॉफ्टवेअर निर्यातीची पहिली पाने ज्या थोड्या जागी लिहिली गेली, त्यांपैकी ते एक.

जमिनीची मशागत जशी महामंडळाने केली तशी माणसांची मशागत त्याहून जुनी आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ चे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे. पाषाणच्या माळावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० ची. पवईची आयआयटी १९५८ ची. परंतु संख्येच्या दृष्टीने ज्या निर्णयाने सर्व चित्र पालटले तो १९८३ चा. त्यापूर्वी ज्या मराठी मुलांना शासकीय महाविद्यालयात जागा मिळत नसे, त्यांचे पालक जमीन गहाण टाकून, दागिने मोडून कर्नाटकातील खासगी महाविद्यालयांत देणग्या भरीत. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी, ज्यांना स्वतःला औपचारिक शिक्षण फारसे लाभले नव्हते, विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि साखर कारखान्याच्या, शिक्षणसंस्थेच्या, ट्रस्टच्या आधाराने तालुक्यातालुक्यांतून महाविद्यालये निघाली.

अशाच एका महाविद्यालयात, त्याच्या अगदी आरंभीच्या वर्षांत, मी रुजू झालो. इमारत व्हावयाची होती. वर्ग एका गोदामाच्या पत्र्याखाली भरत आणि वळवाचा पाऊस आला की पत्र्याच्या ताशापुढे शिकविणे थांबवावे लागे. अभ्यासक्रमात संगणकाची भाषा होती, संगणक नव्हता. मी फोरट्रान फळ्यावर शिकवी. मुले चौकटी आखलेल्या लांबट कागदांवर पेन्सिलने प्रोग्रॅम लिहीत, आणि यंत्राने जे करावयाचे ते आम्ही माणसे करीत असू : एक मुलगा ओळ वाची, दुसरा चलाची किंमत खोडून नवी लिही, तिसरा चूक सापडली की हात वर करी. दोन वर्षांनी एक संगणक आला. त्याच्यासाठी वातानुकूलित खोली, दाराशी चपलांचा ढीग, आत जाताना देवळात जावे तसा दबका आवाज. आणि साठ मुलांमागे ते एक यंत्र. परंतु त्या मुलांनी पेटीत जपून ठेवलेले जुने कागद काढून प्रोग्रॅम त्यात घातले, तेव्हा त्यांतील पुष्कळसे एखाद-दुसऱ्या दुरुस्तीनंतर चालले. तो दिवस मी विसरलेलो नाही.

१९८३ च्या निर्णयाचे गुणगान करताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे हे शिक्षकाला शोभणार नाही. परवाने देण्याची जितकी तत्परता दाखविली गेली तितकी प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि अध्यापक यांची तपासणी करण्यात दाखविली गेली नाही. देणग्यांच्या वसुलीला आळा घालण्यासाठी १९८७ साली कायदा करावा लागला, यातच सर्व काही आले. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या परंतु काम येत नसलेल्या मुलांचे पत्र मला अजूनही येते आणि ते वाचताना अपराधी वाटते. म्हणून मी असे म्हणेन की, त्या निर्णयाने दार उघडले हे त्याचे थोर कार्य. आतल्या घराची डागडुजी करण्याचे काम पुढच्या राज्यकर्त्यांचे होते आणि ते अपुरे राहिले.

माणसे आहेत आणि जागा आहे, म्हणून उद्योग येईलच असेही नाही. ग्रंथातील ज्या भागाने मला सर्वाधिक विचार करावयास लावले, तो याविषयीचा आहे. इन्फोसिस ही कंपनी १९८१ साली पुण्यात स्थापन झाली, हे आज पुण्यातीलही पुष्कळांना आठवत नाही. १९८३ साली ती बंगळूरला गेली. कोणी तिला येथून हुसकावले नाही, की तेथे कोणी सवलतीचे ताट वाढून ठेवले नव्हते. तिचे पहिले देशी गिऱ्हाईक, मिको ही कंपनी, बंगळूरला होती. नव्या तंत्राच्या उद्योगाला भांडवलाहूनही पहिल्या गिऱ्हाइकाची निकड असते, कारण गिऱ्हाईक पैसे तर देतेच, शिवाय काम देते, चुका दाखविते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखविण्यासाठी दाखला देते. बंगळूरला केंद्र शासनाचे मोठमोठे कारखाने आणि संशोधनसंस्था होत्या. म्हणजे जाणकार गिऱ्हाइकांची आणि कसबी माणसांची एक पेठच तेथे आधीपासून भरलेली होती.

महाराष्ट्राला त्या दशकाच्या अखेरीस अशी एक संस्था लाभली. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे येऊ लागल्यावर तो देशातच बनवावयाचा, असे ठरवून केंद्र शासनाने १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन केले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. त्याच संस्थेत, कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेल्या संशोधनाच्या पायावर, भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे ‘जिस्ट’चे काम वाढले. मराठी टंकलेखन संगणकावर करणाऱ्या प्रत्येकाच्या शिरावर त्या कामाचे ऋण आहे. १९९० मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली, तेव्हा देशातील पहिल्या तीन केंद्रांत बंगळूर व भुवनेश्वर यांच्याबरोबर पुणे होते. त्या काळी परदेशाशी वेगवान दूरसंचार जोडणी मिळविणे एकट्या लहान कंपनीच्या आवाक्याबाहेरचे होते. पार्कने उपग्रहाची जोडणी सामाईक करून दिली. कुंडल रोडला जे काम रेल्वेने केले तेच पुण्यात ॲन्टेनाच्या तबकडीने केले.

दक्षिणेकडच्या राज्यांनी याच मार्गावर आपापल्या प्रकृतीनुसार वाटचाल केली. केरळने १९७३ साली केल्ट्रॉन काढून राज्याच्या मालकीचा इलेक्ट्रॉनिक्स उद्योग उभारला आणि १९९० साली तिरुवनंतपुरमला देशातील पहिले टेक्नोपार्क सुरू केले. कर्नाटकाने केऑनिक्सचे प्रमुख आर. के. बालिगा यांच्या दूरदृष्टीने १९७८ साली बंगळूरच्या दक्षिणेस ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स सिटी आखली, तेव्हा तेथे जाण्यास कोणी राजी नव्हते; १९९७ साली त्या राज्याने आपले माहिती तंत्रज्ञान धोरण जाहीर केले. हैदराबादला १९९८ साली सायबर टॉवर्सची इमारत उभी राहिली, परंतु त्याच वर्षी तेथे माहिती तंत्रज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्थाही निघाली, याचा उल्लेख क्वचित होतो. इमारतीचे छायाचित्र छापले जाते, विद्यालयाचे छापले जात नाही.

महाराष्ट्राचे पहिले माहिती तंत्रज्ञान धोरण १९९८ चे. त्यानंतर २००३, २००९, २०१५ आणि २०२३ अशी त्याची नवनवी संस्करणे निघाली. त्यांतील काही कलमे खरोखर उपयुक्त ठरली : या उद्योगाला व्यापारी दराने नव्हे तर औद्योगिक दराने वीज, खासगी आयटी पार्कना मान्यता, स्थानिक करांत दिलासा. स्त्रियांना रात्रपाळीत काम करण्याची मुभा सुरक्षिततेच्या अटींसह २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिली, हीही मी मोठी सुधारणा मानतो. परंतु वाढीव चटईक्षेत्राच्या कलमाकडे अधिक बारकाईने पाहावयास हवे. ही सवलत इमारतीला मिळते. इमारतीत बसून काम करणाऱ्या लहान कंपनीला ती भाड्याच्या रूपाने कितपत पोहोचते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जमिनीचा भाव जेथे आधीच चढा आहे तेथे चटईक्षेत्र वाढविले, तर लाभ प्रथम जमीनमालकाच्या आणि बांधकाम करणाराच्या पदरी पडतो, आणि तंत्रज्ञान हे निमित्त उरण्याचा धोका असतो.

याउलट एक काम असे झाले की ज्याला धोरण असे भारदस्त नाव कोणी दिले नाही. २००५-०६ च्या सुमारास राज्यात विजेचा तुटवडा असह्य झाला आणि भारनियमनाने शहरे व खेडी सारखीच बेजार झाली. तेव्हा पुण्याच्या कारखानदारांनी आपापली जनित्रे चढ्या मागणीच्या तासांत चालवून ग्रिडवरचा भार हलका करावा, त्या महागड्या विजेचा जादा खर्च ग्राहकांनी अल्प अधिभाराच्या रूपाने सोसावा आणि त्या बदल्यात शहराला भारनियमनातून मुक्ती मिळावी, अशी व्यवस्था वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने २००६ साली अमलात आली. उद्योजक, महावितरण, आयोग आणि नागरिक यांनी जाहीर सुनावणीत हिशेब मांडून एक तोडगा काढला. त्याच काळात गावे अंधारात होती, हे विसरून चालणार नाही आणि ती विषमता टोचल्यावाचून राहत नाही. तरीही संगणकावर चालणाऱ्या शहराला त्या वेळी शंभर सवलतींहून अखंड वीज अधिक हवी होती, आणि ती हिशेब उघडा ठेवल्यामुळे मिळाली, हा बोध मी त्यातून घेतो.

आता हिंजवडीविषयी. शरद पवार यांनी जाहीर भाषणांतून अनेकदा सांगितले आहे की, तेथे साखर कारखाना उभारण्याचे घाटत होते आणि आपण तो अन्यत्र हलवून ती जागा आयटी पार्कसाठी निश्चित केली. साखरेच्या जागी संगणक आला, ही कथा महाराष्ट्राच्या अर्ध्या शतकाची कथा आहे. एमआयडीसीने त्या जागेवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसविले. भूखंड दिले, आतले रस्ते केले, आणि जगभरच्या कंपन्या आल्या. परंतु सकाळी नऊच्या सुमारास वाकडच्या पुलाखाली उभे राहून पाहिले, तर त्या यशाची दुसरी बाजू नजरेस पडते : बसगाड्या, दुचाक्या, पाण्याचे टँकर आणि खडी वाहणारे ट्रक एकाच दोरीत ओवल्यासारखे खोळंबलेले, बसच्या खिडकीत मांडीवर संगणक उघडून काम करू लागलेली एक मुलगी, आणि कडेला पत्र्याच्या टपरीवर चहा पाजणारा, ज्याच्या आजोबांच्या शेतातून कदाचित हाच रस्ता गेलेला असावा असा एक म्हातारा. भूखंडांच्या आतले महामंडळाचे, बाहेरचे हिंजवडी, माण आणि मारुंजी या ग्रामपंचायतींचे, नियोजन २०१५ पासून महानगर प्राधिकरणाचे, आणि लगतचे शहर पिंपरी-चिंचवड महापालिकेचे. लक्षावधी माणसे जेथे रोज येतात-जातात त्या जागेचा कचरा आणि सांडपाणी ज्यांनी पाहावयाचे, त्या ग्रामपंचायती मूळच्या काही हजार वस्तीसाठी घडविलेल्या. शिवाजीनगरला जोडणाऱ्या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोची कोनशिला २०१८ च्या डिसेंबरात बसली, म्हणजे पार्क वसल्यावर जवळजवळ दोन दशकांनी. औंधच्या अधिपतींनी माळ दिला तो स्टेशनालगतचा होता. आपण माळ आधी दिला आणि स्टेशन मागाहून शोधू लागलो.

याच पुण्यात हडपसरला मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी निराळा मार्ग दाखविला. सुमारे १२० कुटुंबांनी आपली मिळून सुमारे ४०० एकर जमीन विकून न टाकता एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भागधारक झाली. घरे, शाळा, बाग आणि आयटी कंपन्यांच्या इमारती एकाच आखणीत आल्या. सर्वत्र हे साधेल असे नाही. ती कुटुंबे नात्यागोत्याने बांधलेली होती. परंतु ज्याची जमीन त्याला भरपाईच्या एका धनादेशावर वाटेला न लावता पुढच्या उत्पन्नात वाटा द्यावा, हे तत्त्व शासनाच्या भूसंपादनाने मगरपट्ट्याकडून शिकण्यासारखे आहे.

मी वर पहिल्या गिऱ्हाइकाविषयी लिहिले. राज्यातील सर्वांत मोठे गिऱ्हाईक शासन स्वतः आहे. सातबाऱ्याचा उतारा मिळविण्यासाठी तलाठ्याच्या मागे हिंडणारा शेतकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. फेरफार, दस्तनोंदणी, दाखले यांसाठी जी संगणकप्रणाली लागते ती मागताना शासन राज्यातील लहान उद्योगाला काम देते, आणि मराठीतून काम करणारी प्रणाली मागते तेव्हा भाषेलाही काम देते. एके काळी एका कचेरीतला मराठी मजकूर दुसऱ्या कचेरीत उघडला की अक्षरांचा चुराडा दिसे, कारण प्रत्येकाचा फॉन्ट निराळा. युनिकोडने ती आपत्ती संपविली. २०१८ च्या नवउद्यम धोरणानंतर राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या नवोदितांना शासकीय विभागांत प्रयोग करण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश देण्याची प्रथा पडली, ती मला अनेक अनुदानांहून श्रेयस्कर वाटते. मात्र तिच्यासोबत बिलाची रक्कम मुदतीत मिळण्याची हमी हवी. माझ्या एका विद्यार्थ्याने एका कचेरीसाठी काम पूर्ण केले, शाबासकी मिळाली, आणि पैशासाठी तो दीड वर्ष खेपा घालीत राहिला. त्या अवधीत त्याने तीन सहकाऱ्यांना निरोप दिला. त्याला अनुदान नको होते, झालेल्या कामाचा मोबदला हवा होता. भरवसा या शब्दाचा अर्थ तो हाच.

आणखी एक दुखणे प्रादेशिक आहे. ज्या १९८३ साली महाविद्यालयांना परवानगी मिळाली, त्याच वर्षी प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक अनुशेष मोजण्यासाठी समिती नेमली गेली. तिने सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण यांचा अनुशेष मांडला. आज तसाच हिशेब संगणकाच्या उद्योगाचा मांडला, तर मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुणे यांच्या पारड्यात सारे वजन पडेल. नागपूरच्या मिहानमध्ये काही कंपन्या आल्या, हे स्वागतार्ह आहे. परंतु मराठवाड्यातील, खानदेशातील, विदर्भातील मुलगा पदवी घेऊन आजही पुण्याची गाडी पकडतो. १९६४ पासून आपण मागास भागाला अधिक सवलत देत आलो, आणि या उद्योगाने त्या सवलतीकडे पाठ फिरविली, कारण त्याला जे हवे असते ते म्हणजे अनुभवी सहकारी, चांगली शाळा, विमान, आणि एक नोकरी गेली तर दुसरी मिळेल असे गाव. ते सवलतीने येत नाही. ते येते जिल्ह्याच्या महाविद्यालयाला उत्तम अध्यापक देऊन, तेथील रुग्णालय, बँक, बाजार समिती यांची कामे स्थानिक मुलांना देऊन. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांत संगणकसाक्षरतेची केंद्रे नेली आणि लक्षावधी मराठी माणसांचा हात प्रथमच माऊसवर ठेवला. म्हणजे खेड्यापर्यंत पोहोचणे अशक्य नव्हते. साक्षरतेनंतरची यत्ता आपण काढली नाही.

शेवटचे सांगणे मोजणीविषयी. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेत पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि तिचा पहिला खंड १९४५ साली प्रसिद्ध झाला. घराघरांत जाऊन माणसे, मिळकत, व्यवसाय यांची नोंद करावी आणि मगच मत बनवावे, ही त्यांनी या भूमीला लावलेली शिस्त. ज्या शहराने ती शिस्त पाहिली, त्या शहराच्या उद्योगाला दिलेल्या प्रत्येक सवलतीपोटी किती महसूल सोडला, किती नोकऱ्या निर्माण झाल्या, त्या कोणाला मिळाल्या आणि दहा वर्षांनी टिकल्या काय, याचा ताळेबंद दर नव्या धोरणाच्या पहिल्या पानावर छापला गेला पाहिजे. प्रस्तुत ग्रंथकर्त्यांनी कलमांची स्तुती किंवा निंदा न करता त्यांच्या परिणामांचा माग काढण्याचा जो प्रामाणिक प्रयत्न केला आहे, तो या शिस्तीला धरून आहे, आणि म्हणून मी या ग्रंथाचे मनःपूर्वक स्वागत करतो.

आज पुन्हा एक नवे यंत्र दाराशी आले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने नवी धोरणे, नवी उद्याने, नव्या सवलती यांची भाषा सुरू झाली आहे, आणि कोणत्या राज्याने किती रकमेचा करार केला याची चढाओढ लागली आहे. मला या वेळी त्या पत्र्याखालच्या मुलांचे कागद आठवतात. त्यांतील काही मी अजून जपून ठेवले आहेत. पेन्सिल पुसट झाली आहे, परंतु खोडलेल्या किमती आणि कडेला केलेल्या खुणा वाचता येतात. यंत्र येणार की नाही, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी प्रत्येक ओळ तपासली होती, आणि म्हणून यंत्र आले त्या दिवशी ती तयार होती. राज्याने धोरण लिहावयाचे ते असे.

पुणे